बुडाला की बुडवला?

मोटारींना हौसेचे रूप देणारे छोटे दुकान भंडाऱ्यात कोणी बंद केले आणि पुन्हा नोकरी धरली, की आपण म्हणतो, "बुडाला बिचारा!" वाचकहो, त्याला बुडवले कोणी? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ बनावटीशी विसंगत फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तेच बजावले. ते रास्तच, प्रश्न जिवाचा आहे. पण कायद्यात बसणारे गाद्यांचे, डागडुजीचे काम उरले, त्याचे पैसे आपण "दिवाळीनंतर"वर ढकलले! पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या गावाने कारागिराची उधारी थकवावी? मदतनिसांचा पगार चुकवून जो गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये हजेरी लावतो, त्याने अब्रू राखली. घालवली ती आपण. यंदा पणती लावण्यापूर्वी त्याचे देणे फेडा!