उजवीकडचा स्त्रीवाद

राज्यसभेने 9 मार्च 2010 रोजी महिला आरक्षण विधेयक 186 विरुद्ध 1 मताने संमत केले. भाजप आणि कम्युनिस्ट त्या दिवशी एका बाजूला होते. सामाजिक न्यायाचे नाव घेऊन राजकारण करणाऱ्या समाजवादी पक्षाच्या आणि राष्ट्रीय जनता दलाच्या खासदारांनी आदल्याच दिवशी सभागृह डोक्यावर घेतले होते. विरोधातले ते एकमेव मत महाराष्ट्राच्या शरद जोशी यांचे होते. 1986 साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरवणारे आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावणारे हेच जोशी. खुल्या बाजाराचा आग्रह धरतात म्हणून डाव्यांनी त्यांना कायम उजव्या रकान्यात ढकलले. राखीव मतदारसंघ फिरते ठेवण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती, म्हणून ते विरोधात गेले. सभागृहाच्या नोंदीत मात्र स्त्रियांच्या हक्काला विरोध करणारा माणूस म्हणून त्यांचे नाव राहिले. बाजूने मत देणाऱ्या 186 जणांपैकी किती जणांच्या शेतीच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव होते, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही.

आम्हाला तो विचारावासा वाटतो. कारण आता उजव्या आणि परंपरावादी पक्षांनी स्त्रियांच्या हक्कांवर उघड दावा सांगितला आहे, आणि त्या दाव्याकडे पाहून पुरोगामी वर्तुळात नुसते नाक मुरडले जाते. माणसाची राजकीय मते बदलत नाहीत, बदललीच तर ते सोंग असते, असा एक समज त्या नाक मुरडण्यामागे आहे. तो इतिहासाला धरून नाही.

हिंदू कोड बिलाचेच पाहा. 11 डिसेंबर 1949 रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने या विधेयकाविरुद्ध सभा घेतली. एका वक्त्याने त्याला हिंदू समाजावर टाकलेल्या अणुबॉम्बची उपमा दिली. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला आणि नेहरू व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे जाळले गेले. मुलीला वारसा आणि पत्नीला घटस्फोटाचा हक्क दिला की कुटुंब कोसळेल, अशी ती भीती होती. ती एकट्या संघाची नव्हती. राजेंद्र प्रसाद यांचाही विधेयकाला विरोध होता आणि काँग्रेसचे कितीतरी खासदार आतून कुरकुरत होते. अखेर विधेयक बाजूला पडले आणि सप्टेंबर 1951 मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले. पुढे 1955-56 मध्ये त्याचेच तुकडे करून कायदे झाले. कुटुंबे कोसळली नाहीत. महाराष्ट्राने 1994 साली, आणि केंद्राने 2005 साली, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला तेव्हा अणुबॉम्बची आठवण कोणालाही झाली नाही. आज तोच संघ परिवार स्त्री-पुरुष समानतेच्या नावाने समान नागरी कायदा मागतो. हे मत कोणत्या वर्षी, कोणत्या बैठकीत बदलले? त्याचा ठराव सापडणार नाही. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, शाखेत जाणाऱ्या बापांच्या घरीच कमावत्या लेकी आल्या, आणि मतपेटीपुढच्या रांगेत बायका पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. राजकीय मत बहुधा असेच बदलते, कबुलीजबाब न देता. पूर्वीचे बोलणे कोणी मागे घेत नाही, फक्त नव्याने बोलू लागतो. त्यात थोडा निर्लज्जपणा असतो, हे खरे. पण ज्या मुलीला वाटा मिळाला, तिला देणाऱ्याच्या पश्चात्तापाशी काय करायचे?

हेतू तपासत बसण्याचा पुरोगाम्यांचा अधिकार आणखी एका कारणाने कमी होतो. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्यासोबत मूठभर मुस्लीम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी. दलवाईंना तेव्हा आणि पुढेही जे एकटेपण सोसावे लागले, त्याचा हिशेब सेक्युलर महाराष्ट्राने कधी नीट मांडला नाही. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने शाहबानोला पोटगी दिली, तेव्हा राजीव गांधी सरकारने प्रथम निकालाची बाजू घेतली आणि वर्षभरातच कायदा करून तो निष्प्रभ केला. मत बदलणे हे असेही असते. जो प्रश्न तीस-चाळीस वर्षे रस्त्यावर पडून राहिला, तो भाजपने उचलला. त्यामागे मुस्लीम स्त्रीचा कळवळा किती आणि मुस्लीम पुरुषाला आरोपी करण्याची हौस किती, यावर वाद घालता येईल. पत्नीला सोडणाऱ्या हिंदू नवऱ्याला तशी शिक्षा नाही आणि 2019 च्या तोंडी तलाकविरोधी कायद्यात मुस्लीम नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे, ही विसंगती ढळढळीत आहे. तरी प्रश्न आपण का सोडला, याचे उत्तर आधी सोडणाऱ्यांनीच द्यायला हवे.

मग उजव्यांचा दावा जसाच्या तसा मान्य करायचा का? नाही. त्याची हद्द कुठे संपते ते आता पुरेसे दिसू लागले आहे. स्त्रीचा सन्मान, संरक्षण, शिक्षण, बँक खाते, गॅस जोडणी, मिळकतीतला वाटा इथपर्यंत हा स्त्रीवाद येतो, आणि हे थोडे नाही. ती स्वतःच्या मनाने जोडीदार निवडू लागली की तो अडखळतो. उत्तराखंडने 2024 साली संमत केलेला समान नागरी कायदा मुलगा आणि मुलगी यांना सारखा वारसा देतो. तोच कायदा लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना सरकारदरबारी नोंद करायला लावतो आणि दोघांपैकी कोणी 21 वर्षांखालील असेल तर आईबापांना कळवतो. मतदान करायला, खटला भरायला, कर्ज काढायला सज्ञान असलेली वीस वर्षांची मुलगी इथे पुन्हा बापाच्या ताब्यात जाते. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. टीका झाल्यावर ‘आंतरजातीय’ वगळले, ‘आंतरधर्मीय’ ठेवले. दंड संहिता बदलून भारतीय न्याय संहिता आली, इंग्रजांची छाप पुसल्याचा गाजावाजा झाला, पण पत्नीवरील बळजबरीला बलात्कार न मानण्याचा इंग्रजांचा अपवाद कलम 63 मध्ये कायम राहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात त्याचे समर्थनही केले. बहीण, माता, लेक या नात्यांतून स्त्रीकडे पाहणाऱ्या राजकारणाला एकटी, कोणाच्याही नात्याविना उभी असलेली बाई पेलत नाही, ही खरी अडचण आहे.

‘लाडकी बहीण’ योजनेतही नाते आहेच. ‘रेवडी’ म्हणून ज्या वाटपाची 2022 मध्ये चेष्टा झाली, तेच महिना 1500 रुपयांच्या रूपाने 2024 मध्ये महायुतीने वाटले, आणि विरोधकांनी लगोलग 3000 चे आश्वासन दिले. हेही मतपरिवर्तन, तेही सर्वपक्षीय. या पैशाला आम्ही तुच्छ लेखत नाही. ज्या घरात बाईच्या हाती स्वतःचा म्हणून रुपया नव्हता, तिथे त्याचे मोल मोठे आहे. पण त्याच निवडणुकीत विधानसभेच्या 288 जागांवर स्त्रिया निवडून आल्या 21. बहिणींनी भरभरून मते द्यायची आणि भावांनी आमदार व्हायचे, ही वाटणी गावाकडच्या हक्कसोडपत्रासारखी आहे. तिथेही बहिणीच्या मायेची वाखाणणी करत तिची सही घेतली जाते.

2023 मध्ये लोकसभेने 454 विरुद्ध 2 मतांनी महिला आरक्षण मंजूर केले, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ फेररचना यांच्या मागे बांधून ठेवली. पक्षाची उमेदवारी देण्यासाठी यांपैकी काहीच लागत नाही. ओडिशात बिजू जनता दलाने 2019 च्या लोकसभा निवडणुकीत 21 पैकी सात जागांवर स्त्रिया उभ्या केल्या आणि त्यांतल्या पाच निवडून आल्या. कोणत्याही कायद्याने त्या पक्षाला तसे करायला सांगितले नव्हते. महाराष्ट्रात स्त्रियांच्या नावाने शपथा घेणाऱ्या उजव्या, डाव्या आणि मधल्या सर्वच पक्षांना पुढच्या विधानसभेची उमेदवार यादी करताना हे करता येईल, आणि त्या यादीतल्या किती जणी कोणाच्या पत्नी किंवा लेकी म्हणून आल्या, हेही तेव्हा मोजता येईल.