दंडशक्तीचा हिशेब

लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने त्यांस पांगविण्याकरिता लाठी अथवा बंदूक चालविली, की लागलीच दोन प्रश्न उपस्थित होतात. लोकांनी जे केले ते न्याय्य होते काय, हा एक. आणि सरकारने जे केले ते न्याय्य होते काय, हा दुसरा. वस्तुतः हे प्रश्न निरनिराळे आहेत. परंतु सत्तेवर कोणताही पक्ष असो, तो दोहोंचे उत्तर एकाच वाक्यात देऊन मोकळा होतो: चळवळ बेकायदा होती, म्हणून बळाचा वापर योग्य होता. चळवळीचे पुढारीही उलट बाजूने तीच चूक करितात. मागणी न्याय्य, सबब मोर्चात जे जे घडले ते सर्व क्षम्य, असे ते मानून चालतात. आमचे म्हणणे असे की, ही दोन खाती स्वतंत्र मांडली पाहिजेत, व ज्याचे खाते त्याच्याच हाती तपासणी ठेविता कामा नये. नौपाड्यातील पेढीवाल्यास हे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. ज्या दिवाणजीने रोजमेळ लिहिला त्याच्याकडूनच वर्षअखेर वह्या तपासून घेऊन स्वस्थ झोपणारा व्यापारी आमच्या तरी पाहण्यात नाही.

व्यापाऱ्यांची बाजू आम्ही प्रथम मांडतो, कारण ती बहुधा कोणी मांडीत नाही. गोखले रस्त्यावर सकाळी दुकानाची फळी उघडणाऱ्या मनुष्यास शांतता हवी असते, आणि ती मागण्यात त्याचा काही अपराध नाही. सक्तीच्या बंदमध्ये बुडालेला दिवस त्यास कोणताही पक्ष भरून देत नाही. म्हणूनच ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने २००४ साली शिवसेना व भारतीय जनता पक्ष ह्यांस प्रत्येकी २० लक्ष रुपये दंड केला, तेव्हा पुष्कळ दुकानदारांस तो योग्य वाटला. आम्हांसही तो योग्य वाटतो. दुसऱ्याचे दुकान बंद पाडणे हा मतप्रदर्शनाचा प्रकार नव्हे. परंतु बंद निराळा आणि सभा निराळी. दुसऱ्याच्या दारास कुलूप लावणे निराळे आणि आपल्या तोंडास लाविलेले कुलूप काढणे निराळे. ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे शांततेच्या नावाखाली मौन विकत घेतले जाते, व त्याची किंमत पुढे व्यापाऱ्यासही भरावी लागते. कारण वाढीव कराविरुद्ध किंवा बाजारपेठेच्या गैरसोयीविरुद्ध उद्या त्यास मोर्चा काढावयाचा झाल्यास त्याच मनाई आदेशाशी त्याची गाठ पडणार आहे.

ह्या प्रश्नाचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राने स्वतःच्या रक्ताने गिरविला आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईच्या विधानसभेवर निघालेल्या लोकांवर फ्लोरा फाउंटनच्या परिसरात गोळीबार झाला. पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच शहर पेटले व पुन्हा गोळ्या चालल्या. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. सरकारची बाजू अशी की, आम्ही लोकांनी निवडून दिलेले सरकार आहोत. राज्यांच्या सीमा कायदेमंडळात ठरतील, त्या रस्त्यावर ठरविता येणार नाहीत. आणि रस्त्यावर आहेत ते गुंड आहेत. ह्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या दिवसांत दुकाने लुटली गेली, जाळपोळ झाली, आणि केवळ गुजराती म्हणून निरपराध माणसांस त्रास सोसावा लागला. तो कलंक चळवळीच्या खात्यावर नोंदविलाच पाहिजे. परंतु एका गल्लीतील लुटारूकरिता दुसऱ्या रस्त्यावरील निःशस्त्र मनुष्यास गोळी घालता येते काय? कोणत्या ठिकाणी, कोणाच्या हुकुमाने, किती इशारे देऊन गोळी झाडली गेली? हे प्रश्न चळवळीच्या बरेवाईटपणाने सुटत नाहीत. त्यांस साक्षीपुरावा लागतो.

तो साक्षीपुरावा घेण्याचेच सरकारने नाकारले. न्यायालयीन चौकशीची मागणी मान्य झाली नाही. केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, जे कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले होते, त्यांनी १९५६ च्या जुलैत राजीनामा दिला. मुंबईच्या प्रश्नाबरोबरच गोळीबाराच्या चौकशीस दिलेला नकार हेही त्यांच्या तक्रारीचे एक कारण होते. देशमुख हे दगड फेकणारे नव्हते. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. हिशेब तपासण्यातच ज्याचे आयुष्य गेले, त्या मनुष्याने हिशेब मागितला व तो मिळाला नाही, म्हणून तो मंत्रिपद सोडून निघून गेला. पुढे १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने सत्ताधारी पक्षास मोठा पराभव दाखविला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. ज्यास गुंडांची मागणी म्हटले गेले ती लोकांची मागणी होती, हे मतपेटीने सिद्ध केले. परंतु गोळीबाराचा हिशेब मतपेटीस करता येत नाही. हुतात्म्यांची संख्या आजही कोणी १०५, कोणी १०६, तर कोणी १०७ सांगतो. ज्या विधानसभेवर लोक चालून गेले होते त्या जुन्या कौन्सिल हॉलच्या इमारतीत आज राज्याच्या पोलिसांचे मुख्यालय आहे. आणि जवळच हुतात्मा चौकात स्मारक उभे आहे. स्मारक झाले, राज्य झाले; चौकशी मात्र राहिली ती राहिलीच.

येथे वाचकांनी एका गोष्टीचा विचार करावा. जालियनवाला बागेतील १३ एप्रिल १९१९ च्या हत्याकांडानंतर परकीय सरकारासही त्याच वर्षी हंटर समिती नेमावी लागली. त्या समितीत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते. त्यांनी जनरल डायर ह्यास समोर बसवून उलटतपासणी केली, व हिंदी सभासदांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला. समितीने पुरता न्याय केला असे कोणी म्हणणार नाही. परंतु डायरने काय केले हे डायरच्याच तोंडून जगास कळले. ज्या राज्यास आपण जुलमी म्हणतो त्याने जे केले, ते स्वराज्यातील लोकनियुक्त सरकारास १९५६ साली जड का वाटावे?

कालचक्राचा न्याय मात्र विलक्षण असतो. २६ जून १९७५ रोजी, आणीबाणीच्या पहिल्याच दिवशी, तेच मोरारजी देसाई स्थानबद्ध झाले व जानेवारी १९७७ पर्यंत बंदीत राहिले. आता 'शांततेस धोका' ह्या सदरात त्यांचे स्वतःचे नाव होते. त्या काळात एक लाखाहून अधिक माणसे विनाचौकशी अथवा संरक्षण नियमांखाली तुरुंगात पडली, आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. मुंबईत जिना हॉलच्या चार भिंतींच्या आत वकिलांनी नागरिक स्वातंत्र्यावर सभा घ्यावयाचे योजिले, तीही पोलिसांनी होऊ दिली नाही. उच्च न्यायालयाने ती बंदी गैर ठरविली म्हणून मुंबईची लाज राहिली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने असे ठरविले की, स्थानबद्धास न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही. विरुद्ध मत एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना ह्यांचे. ते मत खरे होते हे सर्वोच्च न्यायालयास २०१७ साली म्हणावे लागले. पुढे मोरारजी पंतप्रधान झाले, आणि त्यांच्याच सरकारने मे १९७७ मध्ये न्यायमूर्ती जे. सी. शहा ह्यांचा चौकशी आयोग नेमला. वीस वर्षांपूर्वी खुर्चीवर असताना जी चौकशी अनावश्यक वाटली, तिची आवश्यकता कोठडीतून स्पष्ट दिसली! आम्ही हे कोणा एका मनुष्यास हिणविण्याकरिता लिहीत नाही. खुर्चीवरून दिसणारा रस्ता व रस्त्यावरून दिसणारी खुर्ची ह्यांत जे अंतर आहे, ते प्रत्येक पक्षास आपल्या पाळीने चालावे लागते, एवढेच त्यावरून निष्पन्न होते.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. २० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच रेल्वेमार्गावर बदलापूर स्थानकात लोक रुळांवर बसले. शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची तक्रार घेण्यास विलंब झाला, हा त्यांचा संताप होता. गाड्या दिवसभर थांबल्या, दगड पडले, सायंकाळी लाठीमार झाला, आणि शेकडो लोकांवर गुन्हे दाखल झाले. हजारो नोकरदारांचा खोळंबा झाला हे खरे, व दगड मारणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. परंतु तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी हे आंदोलन राजकीय हेतूने प्रेरित असल्याचे म्हटले. आणि दुसरीकडे सरकारने पोलीस अधिकाऱ्यांस निलंबितही केले, व उच्च न्यायालयाने प्रकरण आपण होऊन हाती घेऊन विलंबाबद्दल यंत्रणेस फटकारले. म्हणजे तक्रार खरी होती. जर ती खरी होती, तर ती रुळांवर यावी लागली ह्याचा दोष कोणाच्या खात्यावर लिहावयाचा? त्यानंतर विरोधी पक्षांनी २४ ऑगस्टचा बंद पुकारला, न्यायालयाने तो रोखला, आणि त्या पक्षांनी तोंडास काळ्या फिती बांधून निषेध केला. दुकाने उघडी राहिली व निषेधही झाला. दोन्ही एकत्र नांदू शकतात ह्यास ह्याहून चांगला दाखला नको.

कायद्याची स्थिती पाहिली तरी न्यायालयांनी काटा बराच समतोल धरिला आहे. शाहीन बागेच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेविता येणार नाही. त्याच वर्षी १० जानेवारीस काश्मीरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही सांगितले की, जमावबंदीचा हुकूम न्याय्य मतप्रदर्शन दडपण्याकरिता वापरता येत नाही, त्यात कारणे दिली पाहिजेत, आणि तोच हुकूम पुनःपुन्हा काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय. फेब्रुवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बीड जिल्ह्यातील एक मनाई आदेश रद्द करताना म्हटले की, एखाद्या कायद्यास शांततेने विरोध करणारास देशद्रोही म्हणता येणार नाही. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील आदेश आपल्या ठाणे आयुक्तालयातही कधी सणाच्या, कधी निवडणुकीच्या, कधी आंदोलनाच्या निमित्ताने निघत असतात. सरकारच्या मंजुरीवाचून असा आदेश पंधरा दिवसांहून अधिक चालू नये, असे कायदा म्हणतो. पंधरवडा संपताच नवा पंधरवडा सुरू करण्याची वहिवाट पडली, तर त्या मर्यादेस अर्थ काय राहिला?

ह्यातच जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, सामान्य आंदोलकास त्यापासून भय नाही, असे सरकार सांगते. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना गेल्या व मसुद्यातील 'व्यक्ती' हा शब्द गाळण्यात आला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करितो. तरीही संघटना बेकायदा ठरविण्याचा आरंभ सरकारकडूनच होतो, आणि शब्द इतके ऐसपैस आहेत की आज ज्याच्या हाती हे शस्त्र आहे त्याच्यावरच उद्या ते उलटणार नाही, ह्याची हमी कोणी देऊ शकत नाही. मोरारजींचे उदाहरण डोळ्यांपुढे असता पक्षोपक्षांनी इतके निश्चिंत असावे, ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

मग उपाय काय? पोलिसांचे हात बांधा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. शिपाई हाही आपल्याच शेजाऱ्याचा मुलगा आहे, आणि चौकशी ही त्यास शिक्षा नसून संरक्षण आहे. कारण हुकूम देणारा पडद्याआड राहिला तर दोष शिपायाच्याच माथी येतो. आमची मागणी मोजकी आहे. कोठडीत मनुष्य मेला तर न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी कायद्याने सक्तीची आहे. पोलिसांच्या गोळीने मनुष्य मेला तर दंडाधिकाऱ्याची चौकशी झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मुंबईतील चकमकींच्या प्रकरणात सांगितले; परंतु असा दंडाधिकारी पुष्कळदा सरकारचाच अंमलदार असतो. म्हणून जमावावरील गोळीबारात अथवा लाठीमारात मृत्यू झाल्यास न्यायाधीशामार्फत चौकशी सक्तीची व्हावी, आणि तिची मुदत कायद्यातच असावी. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याप्रमाणे अहवाल सहा महिन्यांच्या आत, काय कारवाई केली ह्याच्या निवेदनासह, विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. परंतु आयोग नेमणे बहुधा सरकारच्याच मर्जीवर असते. ती मर्जी काढून टाकावी. प्रत्येक मनाई आदेशही कारणांसह प्रसिद्ध व्हावा.

अहवालाने सर्व काही होते, असे आम्ही समजत नाही. शहा आयोगाचे अहवाल १९७८ मध्ये आले व १९८० च्या सत्तांतरानंतर बासनात गेले. तथापि आणीबाणीत काय घडले हे आज कोणास नाकारता येत नाही, ते त्या अहवालांमुळेच. फ्लोरा फाउंटनबद्दल असे म्हणता येत नाही.

ह्यात लोकांचेही काही कर्तव्य आहे. मोर्चा काढणारांनी आपल्यातील दगड मारणारास स्वतः पकडून द्यावे. जो पुढारी हे करीत नाही तो आपल्या मागणीचा पहिला शत्रू होय. व्यापारी मंडळांनीही स्वस्थ बसू नये. आज बहुतेक दुकानांवर कॅमेरे आहेत. आपल्या रस्त्यावर गडबड झाली तर त्या दिवसाचे चित्रण जपून ठेवावे, व दगड कोणी मारिला आणि लाठी कोणावर पडली हे दोन्ही, मागेल त्या न्यायाधीशापुढे, भीडमुर्वत न धरिता मांडावे. ज्या बाजारात वजनकाटा दोन्ही गिऱ्हाइकांस सारखा दिसतो तेथेच भांडणे कमी होतात. राज्यकारभारासही ह्याहून निराळा नियम नाही.