फिट थांबली, पण खांदा दुखतोच आहे? ही दुखापत नजरेतून का सुटते?

अपस्माराचा, म्हणजे फिटचा झटका ओसरला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. दवाखान्यात सगळं लक्ष मेंदूकडे असतं: स्कॅन, रक्ततपासणी, गोळ्यांचे डोस. रुग्ण ‘खांदा दुखतोय’ म्हणाला, तर ‘पडताना मुका मार लागला असेल’ म्हणून विषय मिटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यामुळे ही चूक किरकोळ नाही.

न पडताही खांदा कसा निखळतो?

मोठ्या झटक्यात शरीरभरचे स्नायू एकाच वेळी जोरात आकसतात. दंड आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात. त्यांच्या ओढीनं दंडाच्या हाडाचा गोल भाग खोबणीतून मागे सरकतो. अंथरुणात झोपलेल्या माणसाच्या बाबतीतही हे घडू शकतं. याच ताकदीनं पाठीचे मणकेही दबतात. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोनसारखी औषधं वर्षानुवर्षं घेतल्यास हाडं ठिसूळ होऊ शकतात. पण म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. त्यानं झटके वाढतील.

एक्स-रेत का दिसत नाही?

खांदा बहुतेक वेळा पुढे निखळतो. मागे निखळण्याचं प्रमाण जेमतेम २ ते ४ टक्के. समोरून काढलेल्या एक्स-रेत हाड जागेवरच असल्यासारखं वाटू शकतं. त्यासाठी काखेतून किंवा बाजूनं एक्स-रे, गरज पडल्यास सीटी स्कॅन लागतो. शिवाय झटक्यानंतर रुग्ण काही काळ भांबावलेला असतो, नेमकं कुठे दुखतंय हे सांगू शकत नाही. मग ‘खांदा आखडलाय’ असं समजून व्यायाम सुरू होतात आणि आठवडे निघून जातात.

घरच्यांनी काय पाहावं?

कोपर अंगाला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळत नसेल किंवा पाठ नव्यानं दुखू लागली असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि ‘फिट आली होती’ हे आवर्जून सांगा. लवकर कळलं तर अनेकदा भूल देऊन हाड जागेवर बसवता येतं. उशीर झाला तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

आणि झटका सुरू असताना हातपाय दाबून धरू नका, त्यानंही इजा होते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा आणि झटका थांबताच रुग्णाला कुशीवर वळवा.