हाली, कलदार आणि सराफाची मूस



हरभऱ्याला पाणी चालू आहे, रानातलं पुढच्या वेळी लिहितो. आज चांदीवर लिहायचंय. कारण पारावर बसा नाहीतर आठवडी बाजारात जा, जो तो एकच सांगतोय, "भाव आहे तोवर आटवून मोकळे व्हा." २०२५ सुरू झालं तेव्हा चांदी किलोला लाखाच्या आत होती, वर्ष सरताना दोन लाखांच्या पुढे गेली. झालं, माळ्यावरचे डबे खाली उतरले. आजीचे तोडे, वाळे, आजोबांचा करदोडा, झिजलेले देवाचे टाक, आणि तळाशी हाली-कलदार रुपये. सगळं एका फडक्यात बांधायचं आणि निघायचं तालुक्याला.

विकायची तर खुशाल विका. पण आटवू नका. दोन्ही गोष्टी एक नाहीत, आणि इथंच आपण मार खातो.

सोयाबीन घेऊन मोंढ्यात गेलो तर ओलावा मोजल्याशिवाय आपण भाव ऐकत नाही. कट्टी जास्त लावली तर भांडतो. आणि चांदी मात्र न निवडता, न मोजता, एका मुशीत ओतायला देतो! घरच्या तुरीत कुणी मूग मिसळून विकतो का?

जरा हिशोब करू. इंग्रजांचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. १९३९ पर्यंतच्या कलदारात पावणेब्याण्णव टक्के चांदी, म्हणजे जवळजवळ १०.७ ग्रॅम. १९४० ते ४५ चा कलदार वजनाला तेवढाच, पण महायुद्धात सरकारनं चांदी निम्म्यावर आणली. त्यात ५.८३ ग्रॅम. निजामाचा चारमिनारवाला हाली ११.१८ ग्रॅमचा, त्यात ८२ टक्क्यांच्या आसपास चांदी, म्हणजे नऊ ग्रॅमच्या वर. तोही पुढं चाळीशीत कमी केला. सोपं पडावं म्हणून किलोला दोन लाख धरतो, तुम्ही त्या दिवसाचा भाव लावा. जुना कलदार २,१३८ रुपयांचा, युद्धातला १,१६६ चा. दिसायला दोघं भाऊ-भाऊ, पण एका नाण्यामागं हजाराचा फरक. २०२५-२६ च्या ५,३२८ च्या हमीभावानं जुन्या कलदारातली चांदी म्हणजे चाळीस किलो सोयाबीन झालं. (हमीभाव मिळाला तर. तो विषय वेगळा.)

ढीग पाहून "जुने रुपये ना, सगळ्यांना एकच भाव" असं कुणी म्हणालं, तर तो भाव कुठल्या रुपयाचा असेल ते तुम्हीच ओळखा.

सराफाची मूस मला नको वाटते त्याचं खरं कारण हे आहे. नाण्यावर साल छापलेलं असतं. साल कळलं की वजन कळतं, टंच कळतो. तो छाप हीच आपली पावती, आणि ती वाचायला सराफ लागत नाही, शाळेत जाणारी पोरगी वाचून दाखवते. टाकणखार टाकून मूस तापवली की ती पावती गेली. मग लगडीचा टंच तो सांगेल तो, घट तो धरेल ती, डागाचं वजन तो कापेल ते. सगळे सराफ लबाड असतात असं नाही. पण तपासायला आपल्या हातात काहीच उरत नाही, आणि असा व्यवहार मी खतवाल्याशीही करत नाही.

काही जण म्हणतात, "पूर्वी आजीसुद्धा जुने मोडून नवे करायचीच की." करायची. रुपये देऊन तेवढ्याच वजनाचे तोडे घडवून घ्यायची. पण ती समोर बसून घडवून घ्यायची आणि त्याचा दागिना होऊन तिच्याच अंगावर यायचा. आताची आटणी मोटारसायकलच्या हप्त्यात जाते.

दुसरं म्हणणं मात्र वजनदार आहे, ते मी उडवून लावणार नाही. चांदी पडते. २०११ मध्ये सत्तर हजारांच्या वर जाऊन आपटली, परत तिथं यायला २०२० उजाडलं. त्याहून जुनं सांगतो. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनच्या शेतकऱ्यांचे दागिने ढिगानं मुंबईच्या टाकसाळीत गेले. तेव्हा चांदी नेली की तिचे रुपये पाडून मिळत. १८९३ मध्ये सरकारनं टाकसाळ लोकांच्या चांदीला बंद केली. पुढं १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ आले तेव्हा तोळाभर चांदीच्या दागिन्याला रुपया येईना. चांदी तीच, छाप नाही म्हणून पडती किंमत. तेव्हा कर्ज फेडायला, बोअरला, पोरीच्या फीला पैसे हवे असतील तर आत्ता थोडी विकण्यात गैर काही नाही. आधी नवी काढा. लग्नात आलेली भांडी, दिवाळीची लक्ष्मीची नाणी, यांच्यात जीव अडकवायचं कारण नाही.

आणि विकायचंच नसेल, नुसती नड असेल, तर रिझर्व्ह बँकेचा नवा नियम माहीत असू द्या. १ एप्रिल २०२६ पासून लागू. चांदीच्या दागिन्यांवर तारण कर्ज मिळू शकतं, अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत. प्रत्येक शाखा देईलच असं नाही, विचारा. पण लगडीवर मिळत नाही. म्हणजे तोडे आटवून लगड केली की तो दरवाजाही आपणच लावून घेतला!

नाण्यांचं अजून थोडं. जुनं नाणं म्हणजे लाखो रुपये, हे फोनवरचं खूळ डोक्यातून काढा. बहुतेक कलदार चांदीच्याच भावाचे. "नोंदणी फी भरा" म्हणणारा चोर आहे, रिझर्व्ह बँकेनंच २०२१ मध्ये तसं बजावलंय. पण १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया सापडला तर थांबा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि त्यातले बहुतेक रुपये सरकारनंच वितळवले. उरलेल्यांना संग्राहक चांदीपेक्षा जास्त देतात. चिंच, राख, टूथपेस्ट लावून घासू नका, किंमत उतरते. नांगरताना गाडगं लागलं तर ते आपलं नव्हे. १८७८ चा कायदा अजून आहे, कलेक्टरला कळवावं लागतं.

राहिला प्रश्न की आटवायचं ठरवतंय कोण? पारावर बसून चांदीचा भाव सांगणारे सगळे बाप्ये. डबा कुणाचा? तोडे आईचे, जोडवी बायकोची, वाळे सुनेच्या माहेरचे. कायद्यानं ते स्त्रीधन आहे, त्यात आपली मालकी नाही. सातबारावर तिचं नाव लावायला आपण दहा वर्षं टाळाटाळ करतो आणि तिच्या डब्याला हात घालताना विचारतही नाही. आमच्याकडं डब्याची किल्ली आईच्या कमरेला आहे. आत हाली किती, कलदार किती, हे मला आजही माहीत नाही, आणि तिनं सांगितलं तरी इथं लिहिणार नाही.

तुमच्याकडचे रुपये निवडून बघा. साल वाचता येत नसेल तर फोटो टाका. पण फक्त साल दिसेल एवढाच काढा, ढिगाचा नको.