परिषदांची जेवणे आणि आपली वाजवणारी मुले



ऑक्टोबर उजाडला की शाळेच्या कार्यालयात एका ठरावीक प्रकारचे फोन येऊ लागतात. अमुक कंपनीची परिषद तमुक रिसॉर्टमध्ये आहे, शेवटच्या रात्री पाहुण्यांना जेवण आहे, त्या वेळी समई नृत्य किंवा पेटी-तबला-बासरी असे काही "लाईव्ह" मिळेल का, अशी विचारणा असते. मानधनाचे काय, असे विचारले की उत्तर ठरलेले: मुलांना जेवण देऊ, प्रमाणपत्र देऊ आणि निवेदनात शाळेचे नाव घेऊ.

या विषयावर आपल्या विश्वस्त मंडळात दोन मते आहेत, हे पालकांना ठाऊक असेलच. काहींना वाटते की लोक जेवत आहेत, हातात पेले आहेत आणि समोर आपली मुले वाजवीत आहेत, हे शाळेला शोभणारे नाही. काहींना वाटते की शाळेचे नाव मोठ्या लोकांच्या कानावर जाते, मुलांना व्यासपीठ मिळते, मग फुकट केले म्हणून काय बिघडले? माझे मत या दोन्हींहून निराळे आहे. जेवणाच्या वेळी वाजवण्यात कमीपणा मुळीच नाही. फुकट वाजवण्यात मात्र आहे, आणि शाळेच्या नावाने मुलांना फुकट पाठवण्यात तर नक्कीच आहे.

हे फोन आपल्याच भागात का वाढले, हे आधी पाहू. गोव्यात मोठ्या बैठका भरवायच्या ही गोष्ट जुनी आहे. १९८३ साली राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीच्या परिषदेच्या मध्ये विसाव्यासाठी आग्वादला आले होते. पण तेव्हा पेडणे तालुका या नकाशावर नव्हता. मोरजी, आश्वे, मांद्रे येथे हॉटेले उभी राहत गेली आणि जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागली. आता परिषदेचा पाहुणा विमानातून उतरून अर्ध्या-पाऊण तासात मोरजीला पोहोचतो. डिचोलीला समुद्र नाही, पण वाजवणारे हात आहेत. भजनी मंडळे, चतुर्थीच्या आरत्या, देवळांतले उत्सव यांतून इथल्या मुलाच्या कानावर ताल लहानपणीच पडतो. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ज्या घरांतले ट्रक अंगणात उभे राहिले, त्या घरांना एका संध्याकाळच्या तबल्याचे पैसे काय असतात, हे वेगळे सांगायला नको. म्हणून या कामाला नाक मुरडणे मला परवडत नाही आणि पटतही नाही.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे लग्नात वाजवणाऱ्याला "बाजेवाला" म्हणत आणि त्या शब्दात मान नव्हता. पण त्याच हिंदी मुलखातले उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे वाद्य लग्नाच्या मांडवातले आणि देवळाच्या नगारखान्यातलेच होते, आणि त्यांना २००१ साली भारतरत्न मिळाले. युरोपातही हेच. टेलेमान या जर्मन संगीतकाराने १७३३ मध्ये जेवणाच्या मेजाजवळ वाजवायच्या संगीताचा मोठा संग्रहच छापला होता. हायडनसारख्या थोर संगीतकाराने १७६१ साली एस्टरहाझी घराण्याशी जो करार केला, त्यात गणवेश घालून हजर राहण्याची अट होती. वाजवणारा मोठा की लहान, हे ऐकणाऱ्याच्या पुढ्यातल्या ताटावरून ठरत नाही.

आणि आपल्या गोव्याला तर हे सांगायलाच नको. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या शिक्षणावर गोव्याच्या कितीतरी तरुणांनी मुंबईच्या हॉटेलांत नोकऱ्या मिळवल्या. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला बँड घेऊन वाजवीत. पाहुणे जेवत आणि नाचत, हे वाजवीत. पुढे सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी काम केले, आणि १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटातल्या संगीतात त्या हॉटेलातल्या बँडचा रंग ऐकू येतो. दुसरा प्रवाह आपल्या देवळांतला. देवाच्या सेवेत आणि धनिकांच्या बैठकीत गाणे जोपासणाऱ्या घराण्यांतल्या स्त्रियांना समाजाने गाण्याची दाद दिली, पण घरात बरोबरीने बसवले नाही. त्याच परंपरेतून आलेल्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, आणि मोगूबाई कुर्डीकर यांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. या दोघींनी आपल्या गाण्याचे मोल कमी होऊ दिले नाही. आपण मात्र त्यांच्या गोव्यातली मुले प्रमाणपत्राच्या बदल्यात देऊन टाकावीत?

पालकांपैकी अनेकांनी असे जेवण आतून पाहिलेले नाही, म्हणून ती संध्याकाळ कशी असते ते थोडे सविस्तर सांगतो. जेवण आठला असले तरी वादकांना चार-पाच वाजता बोलावतात, कारण ध्वनिव्यवस्था पाहुणे येण्याआधी तपासून घ्यावी लागते. मग कपडे बदलून मागच्या खोलीत नाहीतर वाहनतळावर वाट पाहत बसायचे. दालन वातानुकूलित असेल तर बाहेरच्या दमट हवेत लावलेला तबला आत नेल्यावर स्वर सोडतो, म्हणून अर्धा तास आधी आत जाऊन पुन्हा लावावा लागतो. हे आयोजकाला ठाऊक नसते, वादकाने मागून घ्यायचे असते. त्यानंतर भाषणे, बक्षिसे, विक्रीचे आकडे. भाषणे लांबतात आणि वादकांची वेळ आखडते. हिरवळीवर किंवा किनाऱ्यावर जेवण असेल तर प्रश्न आणखी अवघड, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. बंद सभागृहाला यात सवलत आहे, हिरवळीला नाही. म्हणजे साडेनऊला भाषण संपले तर वादकाच्या वाट्याला अर्धा तास उरतो, आणि तो तेवढ्यासाठी दुपारपासून बसलेला असतो. मानधन ठरवताना हा सगळा वेळ धरला पाहिजे, फक्त वाजवल्याचा नव्हे.

वाजवण्याचेही शास्त्र आहे. मेजाच्या या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या माणसाशी बोलता आले पाहिजे, इतपतच आवाज ठेवायचा. गाण्याचे शब्द संभाषणाशी भांडतात, म्हणून बासरी, संतूर, व्हायोलिन यांना मागणी जास्त. लांब आलाप इथे चालत नाही. चार-पाच मिनिटांच्या धुना, चाळीस मिनिटांचा एक भाग, मग विश्रांती. टाळ्या वाजतीलच असे नाही. ज्या मुलाला टाळीवाचून वाजवता येत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. पण ज्याला येते, तो एका वर्षात लय सांभाळायला, सहवादकाकडे पाहायला आणि चूक झाली तरी न थांबायला जे शिकतो, ते आमच्या स्नेहसंमेलनात शिकवता येत नाही. हे मी संगीत शिक्षकांच्या समक्ष बोललो आहे आणि त्यांनाही ते मान्य आहे!

आता फुकटपणाविषयी. गेल्या हंगामात एका ठिकाणी आपल्या काही माजी विद्यार्थ्यांना रात्री साडेदहापर्यंत थांबवून घेतले, कार्यक्रम रद्द झाल्याचे सांगितले आणि जेवण स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी दिले. ठरलेले काही लेखी नव्हते, त्यामुळे मागायचे कोणाकडे हाच प्रश्न. परिषदेची कंपनी वेगळी, हॉटेल वेगळे आणि कार्यक्रम ठरवणारा मध्यस्थ वेगळा; प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्या रात्री स्वयंपाकी, वाढपी, फुले लावणारा, दिवे लावणारा या सगळ्यांना पैसे मिळाले. फक्त वाजवणाऱ्याला "संधी" मिळाली. म्हणून लेखी पत्र हवे, आगाऊ रक्कम हवी, कार्यक्रम रद्द झाल्यास काय ते लिहिलेले हवे, आणि परतीचे वाहन कोण देणार हेही. पैसे बँकेत घ्यावेत, कर कापला असेल तर त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. यात संकोच कसला?

शाळकरी मुलांच्या बाबतीत तर कायदाच बोलतो. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावता येत नाही. कलाकार म्हणून जी सवलत आहे, ती शिक्षणात खंड पडणार नाही या अटीवर. त्याखालच्या नियमांनुसार व्यावसायिक कार्यक्रमात मूल घ्यायचे तर आयोजकाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते, दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम द्यायचे नसते, आणि मुलाच्या कमाईतला निदान वीस टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा असतो. मुलाच्या मनाविरुद्ध तर काहीच नाही. फोन करणाऱ्यांना मी हे सांगतो, तेव्हा बहुतेकांना पुढे बोलायचे नसते.

आणखी एक गोष्ट, जी कायद्यात नाही. समई नृत्य, गोफ, फुगडी मंचावर कितीतरी वर्षे होत आली आहेत. ती खुशाल करावीत. पण घोडेमोडणी ही डिचोली, पेडणे, सत्तरीची गावदेवाशी जोडलेली गोष्ट आहे. शिगम्यात तिचा दिवस आणि वाट ठरलेली असते. ती पाहुण्यांच्या स्वागताला हॉटेलच्या फाटकात नाचवा, असे मागील वर्षी सुचवण्यात आले. तसेच मांडावरचे धालो. अशा गोष्टींना होकार देणारे आपण कोण? त्यांचा निर्णय त्या गावच्या मानकऱ्यांनी आणि मांडावरच्या बायांनी करायचा. घुमटाचे तसे नाही. २०१९ मध्ये ते गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झाले आणि घोरपडीऐवजी आता बकऱ्याच्या कातड्याने मढवले जाते. ते जगाने ऐकावे असे मलाही वाटते, पण आरती मात्र जेवणाच्या मेजाजवळ नको. घुमट वाजवा, ताल दाखवा. आरती चतुर्थीला घरी.

तेव्हा या वर्षापुरते मी असे ठरवले आहे. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळा अशा जेवणांना पाठवणार नाही, कितीही मोठ्या कंपनीचे असो. नववीपासून पुढच्यांना पालकांच्या लेखी संमतीने, शनिवारी किंवा सुट्टीच्या आदल्या रात्री, मोठे माणूस बरोबर असेल तर परवानगी मिळेल. परिषदांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च आणि बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळे दहावी-बारावीला डिसेंबरपासून परवानगी नाही. याबाबत कृपया कोणी रदबदली करू नये. मानधन पूर्णपणे वाजवणाऱ्या मुलांचे. त्यातला काही हिस्सा शाळेच्या वाद्यनिधीला घ्यावा, अशी सूचना आली होती, ती मी नम्रपणे नाकारली आहे. मुलांनी रात्री जागून मिळवलेल्या पैशातून शाळेने तबले मढवून घेऊ नयेत. दोन तबले आणि एक पेटी दुरुस्तीला आली आहे, त्यासाठी येत्या अंदाजपत्रकात तरतूद व्हावी, ही विश्वस्तांना विनंती.

संमतीपत्राचा आणि आयोजकाला द्यायच्या अटींचा मराठी व इंग्रजी नमुना कार्यालयात ठेवला आहे. माजी विद्यार्थ्यांनीही तो जरूर न्यावा.