भेट मुलाची, भांडण मोठ्यांचे

आठ वर्षांचा एक मुलगा पोटदुखीसाठी आमच्या ओपीडीत आला. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळे व्यवस्थित. दुखण्याचे वार विचारले तेव्हा उलगडा झाला. पोट दुखायचे ते पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी. त्या दिवशी कोर्टाच्या आदेशाप्रमाणे वडिलांची भेट असायची.

'बाबांची भीती वाटते का रे?' असे विचारल्यावर तो म्हणाला, 'नाही. पण बाबा विचारतात, आई काय म्हणते. घरी आलो की आजी विचारते, बाबा काय म्हणाले.'

हे सोंग नव्हे. मेंदू आणि आतडे मज्जातंतूंनी जोडलेले असतात. मनावरचा ताण मुलांच्या पोटात खरोखर दुखवतो. अंथरूण ओले होणे, डोकेदुखी, झोपेत दचकणे हीही त्याचीच रूपे असू शकतात. अर्थात, आधी शारीरिक कारण तपासलेच पाहिजे.

आईला 'भेट बंद करावी' असा दाखला हवा होता. मी तो दिला नाही. त्या मुलाला त्रास वडिलांचा नव्हता, दोन घरांमधला निरोप्या होण्याचा होता.

अशा मुलांसाठी देखरेखीखालील भेट हा उपाय आहे. प्रशिक्षित समाजसेवक खोलीत असतो. आईवडील समोरासमोर येऊ नयेत म्हणून येण्या-जाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवतात. जे दिसले तेवढेच तो नोंदवतो, निवाडा करत नाही. जिथे मारहाणीचा, व्यसनाचा किंवा मूल पळवून नेण्याचा धोका असतो, तिथे तर ही देखरेख हवीच. आणि मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर 'पोक्सो' कायदा, 2012 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे 'भेट होऊ द्या' हा सल्ला लागू नाही.

आपल्याकडे कायदा कमी पडत नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यातही मुलाचे हित पाहायला सांगितले आहे. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे, आणि वैद्यकीय तज्ज्ञांची मदत घेण्याचीही. मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी वेगळी जागाही आहे. पण माझे छोटे रुग्ण ज्या भेटीचे वर्णन करतात, ती बहुतेकदा व्हरांड्यातल्या बाकावर, वकिलांच्या गर्दीत, शाळा बुडवून झालेली असते. तिथे देखरेख असते ती फक्त घड्याळाची.

प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक खोली, थोडी खेळणी, दोन दारे, सुटीच्या दिवशीही हजर असणारा एक प्रशिक्षित माणूस, एवढीच मागणी आहे. लसीकरण केंद्रासारखीच ही बालआरोग्याची सेवा मानायला हवी.

तोवर पालकांनी तीन गोष्टी पाळाव्यात. भेटीहून आलेल्या मुलाची उलटतपासणी करू नका. त्याच्या हाती निरोप देऊ नका. आणि 'मजा आली' असे ते म्हणाले, तर चेहरा पाडू नका.

त्या मुलाला मी औषध लिहून दिले नाही. आजीला मात्र पुढच्या वेळी सोबत यायला सांगितले.