दुकान, वारस आणि कायदा

शहापूरच्या बाजारपेठेत किंवा मुरबाडच्या नाक्यावर एखादे चालते किराणा दुकान महिनोन्महिने बंद दिसले, तर मंदी आली असे अनुमान काढण्याची घाई अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने करू नये. पुष्कळदा कारण एवढेच असते की, मालक मृत्युपत्र न करता वारला आणि गल्ल्यावर कोणी बसावे याचा निर्णय घरात होत नाही.

एकमालकी धंद्याला मालकाहून वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते. मालक गेला की वस्तू व सेवा कराची नोंदणी वारसाला नव्याने घ्यावी लागते, बँकेतील चालू खाते थांबते. या तालुक्यांतील बरीच उधारी भाताच्या हंगामावर फिटते. ती वसूल करण्यासाठी दावा लावला, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमान्वये उत्तराधिकार प्रमाणपत्रावाचून ऋणकोविरुद्ध हुकूमनामा होत नाही. खात्यावर नामनिर्देशन आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ साली आणि भागांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले आहे.

बाजारात मात्र सारा दोष बहिणींच्या माथी मारला जातो. ‘२००५ च्या कायद्याने मुलींना वाटा दिला आणि धंदे मोडले’, ही तक्रार सर्रास ऐकू येते. ती वस्तुस्थितीला धरून नाही. १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती, २००५ ची केंद्राची दुरुस्ती आणि ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा यांचा संबंध मुख्यतः वडिलोपार्जित एकत्र मिळकतीशी आहे. बापाने स्वकष्टाने उभारलेल्या दुकानात मुलीचा मुलाइतकाच वाटा १९५६ पासूनच आहे! इतकी वर्षे तो हक्कसोडपत्रावरच्या सहीखाली झाकला गेला, इतकेच. आज ती सही सहजी मिळत नाही, याचे एक मोठे कारण जमिनीचा भाव होय. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्त्यालगतच्या दुकानातील मालापेक्षा त्याखालची जागा कितीतरी मोलाची ठरू लागल्यावर बहिणीने साडीचोळीवर समाधान मानावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

खरी अडचण निराळी आहे. कायदा नाते मोजतो, श्रम मोजत नाही. वीस वर्षे बिनपगारी गल्ल्यावर बसलेला मुलगा आणि कल्याणला नोकरी करणारा त्याचा भाऊ यांचे वाटे समान होतात. पहाटेपासून माल मोजणाऱ्या आईच्या कष्टांची नोंद तर कोणत्याच वहीत नसते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ ने येथे थोडी वाट ठेवली आहे: एका वारसाने धंद्यातील आपला हिस्सा विकावयास काढला, तर तो घेण्याचा अग्रहक्क इतर वारसांना आहे आणि किमतीबाबत एकमत न झाल्यास ती न्यायालय ठरविते. परंतु ती किंमत द्यावयाची कोठून? जागा गहाण टाकावी, तर वारसांत अज्ञान मूल असल्यास त्याच्या स्वतंत्र हिश्शासाठी पालकाला आधी न्यायालयाची परवानगी लागते. विधवेच्या वाट्याला हा खेटा हमखास येतो.

शहापूरचा संपूर्ण तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या जमातींना १९५६ चा हा कायदा लागूच नाही. चहाची टपरी चालविणाऱ्या ठाकूर स्त्रीचा वारसाहक्क मुख्यतः रूढीवर सोपविलेला आहे. या स्थितीचा केंद्राने विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुचविले होते.

मालक हयात असतानाच भागीदारीपत्र करणे हा त्यातल्या त्यात सुलभ मार्ग. तथापि, १९३२ च्या भागीदारी अधिनियमान्वये उलट करार नसल्यास एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. आणि भागीदार दोनच असले, तर करार असूनही ती टिकत नाही. म्हणजे तिसरे नाव हवेच. तेथे लेकीचे वा सुनेचे नाव घालण्यास आमचा दुकानदार का कचरतो, हे मला उमगलेले नाही. महिलांसाठीच्या सवलतीच्या कर्जाचा अर्ज भरताना तेच नाव त्याला चटकन आठवते.